गाडीचा मेंदू बदलण्यापूर्वी

पहाटे साडेचारची वेळ. दुधाचे कॅन भरून दारात उभे आहेत, संकलन केंद्र सहाला बंद होणार आहे, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. किल्ली फिरवली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन दाद देत नाही. घटकाभराने आपोआप सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या शेजारच्या गावातील एका दूधवाल्या मामांवर हा प्रसंग आला. त्यात चुकीचा सल्ला देणाऱ्यांमध्ये मी एक होतो. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

मामांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने स्कॅनर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "मामा, ईसीएम गेला. गाडीचा कॉम्प्युटर. बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मामा माझ्याकडे आले. "सर, तुम्ही कॉलेजात विज्ञान शिकवता. हे खरं असेल का हो?" मी स्कॅनरवरचे इंग्रजी शब्द वाचले, मिस्त्रीचे म्हणणे त्यांच्याशी जुळते असे मला वाटले, आणि मी म्हणालो, "खरं दिसतंय." मामांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि नवी पेटी बसली. आठ दिवस गाडी सुरेख चालली. नवव्या दिवशी पहाटे ती पुन्हा दारातच उभी!

मग पेटीचा दोष होता की नव्हता? याचे उत्तर देण्याआधी ही पेटी म्हणजे काय प्रकार आहे, ते थोडे समजून घेऊ.

जुन्या पेट्रोल गाडीत कार्बोरेटर असे. हवा आत ओढली जाताना पेट्रोल तिच्याबरोबर खेचले जाई. ठिणगी केव्हा पडायची हे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवीत. सारा कारभार स्प्रिंगा, झडपा आणि स्क्रू यांच्यावर चाले, आणि जाणता मिस्त्री तो कानाने ऐकून दुरुस्त करी. १९८३ साली आलेली मारुती ८०० हीसुद्धा कार्बोरेटरवरच चालणारी होती. या व्यवस्थेत एक उणेपणा होता. थंडी, ऊन, चढ, ओझे असे काहीही बदलले तरी पेट्रोलाचे माप बारकाईने बदलत नसे. मग न जळलेले इंधन धुराड्यातून बाहेर पडे आणि ते शहरांच्या फुप्फुसांत जाई.

धुरावर कायद्याची बंधने आली, तेव्हा स्प्रिंगा आणि स्क्रू अपुरे पडू लागले. १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने फोक्सवॅगन १६०० या गाडीवर विजेवर चालणारी इंधन-फवाऱ्याची योजना बसवली. अमेरिकेतील धुराचे नियम पाळता यावेत हा तिचा एक मोठा हेतू होता. १९७९ साली त्याच कंपनीने इंधन आणि ठिणगी या दोहोंचा हिशोब एकाच पेटीत आणला, आणि ती बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या गाडीत बसली. आपल्याकडे २००० सालापासून भारत स्टेजचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून सबंध देशात सहावा टप्पा लागू झाला. त्यामुळे आज आपल्या खेड्यात येणारी नवी मालगाडी असो की प्रवासी जीप असो, तिच्यात ही पेटी असतेच. तिला कोणी ईसीएम म्हणते, कोणी ईसीयू, आणि गॅरेजमध्ये तिचे सरळ नाव 'कॉम्प्युटर'.

ही पेटी काम कशी करते? एखाद्या कचेरीची कल्पना करा. गावोगावचे टपाल येते, कारकून ते वाचतो, आपल्याजवळचा तक्ता पाहतो आणि हुकूम पाठवतो. इंजिनावर ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर हे टपाल पाठवणारे. पाणी किती तापले, हवा किती आत आली, पाय किती दाबला, इंजिनाचा दांडा या क्षणी कुठे आहे, हे ते कळवतात. पेटी तक्ता पाहते आणि इंजेक्टरला सांगते, "आता उघड, आता मीट." पेट्रोल गाडी असेल तर ठिणगीचा हुकूमही तिचाच. हा कारभार किती जलद चालतो पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा काम करतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. चौघांचे मिळून सेकंदाला १०० हुकूम झाले. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे.

आता सेन्सर आणि पेटी यांच्यात बोलणे कसे होते? ते व्होल्टच्या भाषेत होते. पुष्कळशा सेन्सरांना पेटी ५ व्होल्ट पुरवते आणि परत किती येतात हे मोजते. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर घ्या. त्यात एक असा पदार्थ असतो की तो तापला म्हणजे त्याचा विद्युतरोध कमी होतो. अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला हा रोध सुमारे अडीच हजार ओहम असतो, आणि ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास उतरतो. भंगारवाल्याकडून असा जुना सेन्सर आणावा, गरम पाण्याच्या पेल्यात त्याचे टोक बुडवावे आणि मल्टिमीटर लावावा. मुलांना जे पुस्तकात वाचून समजत नाही, ते पाच मिनिटांत डोळ्यांसमोर दिसते.

आता स्कॅनरकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत आहे की, स्कॅनर लावला की कोणता भाग गेला ते यंत्र आपोआप सांगते. तसे नाही. स्कॅनर पेटीची तक्रार वाचून दाखवतो, एवढेच. समजा, सोलापुरात मे महिन्याच्या उन्हात गाडीचे पाणी उणे ४० अंश असल्याचे स्कॅनरने सांगितले आणि पी ०११८ असा कोड आला. याचा अर्थ पाणी गोठले असा नव्हे, आणि सेन्सर मेला असाही निश्चित नव्हे. पाण्याच्या सेन्सरच्या मार्गात कोठेतरी खंड पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो खंड सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये असेल, किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीत असेल. कोड आपल्याला गल्ली दाखवतो. त्या गल्लीतले घर आपणच शोधायचे असते. पी ०६०६ यासारखे काही कोड पेटीच्या अंतर्भागाकडे बोट दाखवतात हे खरे. परंतु पेटीला वीजच जर तुटक मिळत असेल, तर तीही भ्रमिष्टासारखी बोलू लागते. मामांच्या गाडीत मी नेमका इथेच चुकलो. कोड वाचला आणि त्यालाच निकाल समजलो.

म्हणून पेटी बदलण्यापूर्वी काही तपासण्या क्रमाने कराव्यात. त्यांना फार मोठी साधने लागत नाहीत. एक मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरे.

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना हा आकडा खाली येतो. तो साडेनऊच्याही खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले पाहावीत. इंजिन चालू झाल्यावर डायनामो चार्ज करत असेल, तर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत.

दुसरी तपासणी फ्यूज आणि रिले यांची. पेटीला स्वतःचे फ्यूज असतात आणि बहुधा एक मुख्य रिलेही असतो. फ्यूज नुसता डोळ्याने पाहू नये, मीटरने पाहावा. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजपायी हजारोंची पेटी बदलली गेल्याची उदाहरणे गॅरेजवाले आपापसांत हसत सांगतात. ज्याचे पैसे गेले, तो मात्र हसत नाही.

तिसरी तपासणी ५ व्होल्टच्या पुरवठ्याची. पुष्कळदा दोन-तीन सेन्सर एकाच ओळीवर असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की ओळीवरचे सारेच मुके होतात, आणि मेल्यासारखी दिसते ती पेटी! अशा वेळी किल्ली बंद करून त्या ओळीवरच्या एकेका सेन्सरचे कपलर काढावे आणि किल्ली चालू करून मीटर पाहावा. ज्याचे कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

चौथी तपासणी संदेशवाहक तारांची. नव्या गाड्यांत पेट्या एकमेकींशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. तिला कॅन म्हणतात. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावण्याचा १६ खिळ्यांचा सॉकेट असतो. अनेक गाड्यांत त्यातल्या ६ व १४ या क्रमांकांवर या तारा येतात. बॅटरीची ऋण तार काढून या दोहोंमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असतात, आणि ते समांतर जोडलेले असल्याने मीटरवर ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले, तर एका बाजूचा मार्ग तुटला आहे. शून्याजवळ दिसले, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. नववी-दहावीत आपण समांतर जोडणीचे जे सूत्र पाठ करतो, ते इथे असे कामाला येते.

पाचवी तपासणी अर्थची. ही मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण मामांच्या गाडीचे उत्तर तिच्यात होते.

नवी पेटी बसवूनही गाडी बंद पडली, तेव्हा मी ओशाळून मल्टिमीटर घेऊन स्वतः गेलो. गॅरेजमध्ये एक विशीतला पोरगा होता. तो म्हणाला, "सर, मागच्या पावसाळ्यात हिच्या बॉडीला वेल्डिंग झालं होतं, आणि वरून रंग मारला होता." हे आम्हां मोठ्यांपैकी कोणीच विचारले नव्हते. पेटीची अर्थची वायर जिथे बॉडीला नटाने आवळली होती, तिथे आम्ही गेलो. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर धरले, दुसरे त्या वायरीच्या डोळ्यावर. जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, तिथे एक व्होल्टच्या आसपास दिसू लागले. नट काढला, तो वायरीच्या डोळ्याखाली रंगाचा थर आणि त्याच्या कडेने गंज! पॉलिश पेपरने धातू उजळ केला, नट आवळला, वरून ग्रीस लावले. त्यानंतर ती गाडी त्या कारणाने बंद पडली नाही.

एक व्होल्टने एवढा अनर्थ का व्हावा? मुलाजवळची मोजपट्टी आठवा. तिचे शून्याकडचे टोक मोडले, तर पुढचे सारे आकडे शाबूत असूनही प्रत्येक माप चुकते. अर्थ म्हणजे गाडीचे शून्य. शून्यच एक व्होल्टने वर सरकले, तर ५ व्होल्टची भाषा बोलणाऱ्या पेटीला सारे टपाल खोटे मिळते. आणि जोडणी फारच बिघडली की तिचे कामच थांबते. मग नव्या पेटीवर गाडी आठ दिवस कशी चालली? पेटी बसवताना मिस्त्रीने अर्थचा नट सैल करून पुन्हा आवळला होता. त्या घासण्याने गंज थोडा खरवडला गेला आणि तात्पुरती जोडणी झाली. श्रेय मात्र नव्या पेटीला मिळाले! शाळेत आपण शिकवतो की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे परिणाम कशामुळे झाला ते कळते. गॅरेजलाही तोच नियम लागू आहे.

पेट्या कधीच बिघडत नाहीत असे मात्र समजू नका. बिघडतात, परंतु बहुधा कोणीतरी त्यांना बिघडवते. पाणी हा पहिला शत्रू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीची किल्ली कौतुकाने फिरवून पाहू नये. पाणी ओसरताच आधी बॅटरीची तार सोडवावी. दुसरा शत्रू म्हणजे उलटी जोडलेली बॅटरी. तिसरा वेल्डिंग. गाडीला विजेचे वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरी सोडवावी, पेटीची कपलरे काढावीत आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच धरावी. चौथा शत्रू म्हणजे शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर. तो पेटीतला खटका जाळतो. हे कारण न शोधता नवी पेटी लावली, तर पहिलीच्या मागोमाग दुसरीही जाते.

सर्व तपासून पेटीच दोषी ठरली, तर ती बदलावी, पण रीतीने. किल्ली काढावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कपलर ओढू नये. त्याची कडी आधी उघडावी. खिळ्यांना बोट लावू नये, कारण कोरड्या हवेत अंगातल्या विजेची ठिणगीही आतल्या नाजूक भागाला पुरते. जुन्या आणि नव्या पेटीवरचे क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. बाहेरून दोन पेट्या जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तरी आतला तक्ता निराळा असू शकतो.

आणि इथे काम संपत नाही. पूर्वी डायनामो बदलला की काम झाले. ही पेटी नुसती बसवून भागत नाही, तिला शिकवावे लागते. गाडीच्या किल्लीत एक बारीक चिप असते. पेटी तिची ओळख पटवते, तेव्हाच इंजिन चालते. चोरी होऊ नये म्हणून ही योजना आहे. नव्या पेटीला आपली किल्ली परकी वाटते, म्हणून स्टार्टर फिरतो आणि इंजिन पेटत नाही, किंवा पेटून लगेच विझते. किल्लीची ओळख करून देणे, गाडीचा क्रमांक लिहिणे, योग्य तक्ता भरणे ही कामे कंपनीच्या किंवा तशा ताकदीच्या यंत्राने करावी लागतात. डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरचा छापलेला संकेतही बहुधा नव्या पेटीत भरावा लागतो. हे लिखाण चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा, कारण मध्येच वीज कमी पडली तर नवी कोरी पेटी तिथल्या तिथे निकामी होऊ शकते. म्हणून भंगारातून पेटी आणली आणि लावली, इतके हे सोपे नाही. उलट काही वेळा जुनीच पेटी जाणत्या माणसाकडून दुरुस्त होऊ शकते, आणि मग तिच्यातली किल्लीची ओळखही शाबूत राहते. हेही विचारून पाहावे.

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. शिकवण्याचे हे यंत्र आणि ही माहिती कोणाकडे असावी? ती फक्त कंपनीकडे राहिली, तर तालुक्याच्या मिस्त्रीचा हात आखडतो आणि खेड्यातल्या गाडीमालकाला पन्नास-साठ मैल गाडी ओढून न्यावी लागते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणी मिळत नाहीत, हा त्यातला प्रमुख आक्षेप होता. पुढे त्यावर अपिले झाली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, आणि त्याने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या ही दोन क्षेत्रे होती. हक्काची भाषा चांगलीच आहे. पण हक्क वापरायलाही ज्ञान लागते. माझ्या चुकीच्या सल्ल्याला कंपनीचे कुलूप जबाबदार नव्हते. माझी घाई जबाबदार होती.

म्हणून गाडीमालकांनी तीन प्रश्न पाठ करून ठेवावेत. कोड कोणता आला, तो मला कागदावर लिहून द्याल का? अर्थ, फ्यूज आणि पुरवठा मोजलात तेव्हा मीटरवर आकडे काय आले? आणि पेटी गेली असेल, तर ती कशाने गेली? हे विचारताना मिस्त्रीचा अपमान करण्याचे कारण नाही. जाणत्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात. आणि ज्याला ते आवडत नाहीत, त्याच्याकडे कर्ज काढून जाण्याची घाई नसावी.

शिक्षकांना एवढेच सांगणे आहे की, तुमच्या वर्गातली दोन-चार मुले उद्या गॅरेजमध्ये जाणार आहेत. त्यांना ओहमचा नियम परीक्षेपुरता शिकवू नका. हातात मीटर द्या. ज्या पोराने वेल्डिंगची आठवण करून दिली, तो दहावीनंतर शाळेत गेला नव्हता; पण त्याने नजर उघडी ठेवली होती. आम्ही कोड वाचत बसलो आणि त्याने गाडीचा इतिहास आठवला.

मामांची जुनी पेटी माझ्या टेबलावर आहे. दुसऱ्या तशाच गाडीत तपासून पाहिली, तेव्हा तिच्यात दोष निघाला नाही. नवी मात्र दुकानदाराने परत घेतली नाही, आणि कर्जाचे हप्ते मामांनी वर्षभर फेडले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. परवा भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "सर, आता कोणी विचारलं, तर आधी नट बघायला सांगा." ते सांगण्यासाठीच हे भाषण.